तंजावूर: ज्या फोटोंत बॉल नाही

तंजावूरला मी मोठं देऊळ बघायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. देऊळ बघितलं, डोळे भरून बघितलं, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी गेलो ते एका पाठमोऱ्या माणसाला भेटायला.

नव्वदनंतरची ती मधली वर्षं. गावोगावी कलर लॅब निघत होत्या, कोल्हापुरात माझीही निघाली होती. त्याआधी मी हातगाडीवर देवांच्या तसबिरी विकल्या, मग फोटो मढवायचं दुकान टाकलं, आणि मग हे एअरकंडिशन्ड मशीन. पण मागच्या खोलीतली काळ्यापांढऱ्या फोटोंची डार्करूम मी मोडली नाही. मित्र म्हणायचे, जागा अडवतोस कशाला, झेरॉक्स टाक. मी म्हणायचो, सगळ्यांनी सोडलेला धंदा एकानं धरून ठेवावा, कधीतरी गिऱ्हाईक फिरून येतं.

आलंच. आमच्या चौकातल्या बँकेत एक साहेब बदलून आले होते. राहणारे तंजावूरचे, घरात मराठी बोलणारे, पण देवनागरी वाचताना अडखळणारे. त्यांच्या मामांचे निगेटिव्ह छापायचे होते. तंजावुरात आता सगळे कलर झाले होते, काळंपांढरं कोणी हातात घेईना. मामांना जुन्या फुटबॉल मॅचचे फोटो छापून हवे होते, आणि त्यातल्या एका माणसाचा मोठा एन्लार्ज हवा होता. तो माणूस वारला होता, वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, आणि त्याच्या बायकोकडे त्याचा एकही फोटो नव्हता. काही झालं तरी तो वेळेत पोचायला हवा, एवढं साहेबांनी दोनदा बजावलं.

मी रोल छापायला घेतले आणि चक्रावलो. मॅचचे फोटो म्हणायचे, आणि एकाही फोटोत बॉल नाही. खेळाडू नाही, गोलपोस्ट नाही. नुसती माणसं. भिंतीवर बसलेली, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, डोकं धरलेली. मी कोल्हापूरचा, फुटबॉलचं वेड म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. आमच्याकडे पेठेपेठेचा संघ आहे आणि मॅच हरली की घरात भाजी खारट होते. पण मैदानाकडे पाठ करून, वर्षानुवर्षं फक्त बघणाऱ्यांचे फोटो काढणारा माणूस मी ऐकला नव्हता. फोटो कुरियरनं पाठवता आले असते. मी म्हटलं, नको, मीच जातो. तंजावूरच्या सोनेरी चित्रांच्या सागवानी चौकटीही बघायच्या होत्या, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च धंद्यात दाखवता येत होता.

मिरजेहून रेल्वेनं बंगलोर, तिथून रात्रीच्या बसनं तिरुच्ची आणि तिरुच्चीहून सकाळी तंजावूरची बस. तिरुच्ची-तंजावूर बस मिनिटामिनिटाला सुटतात, रिझर्व्हेशनच्या भानगडीत पडू नका. खिडकी मात्र पकडा. दोन्हीकडे भातशेती, मधूनच केळीच्या बागा आणि बसमध्ये एवढ्या मोठ्या आवाजात सिनेमाची गाणी की शेजाऱ्याशी बोलायचं तर खुणांनी. जुन्या बसस्टँडजवळ लॉज मिळाला. खोली साधी, पंखा दणकट, भाडं तेव्हाच्या हिशेबानं किरकोळ. खाली मेस होती. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन भाज्या आणि वाढप्याचा हात थांबत नाही. पान दुमडलंत तरच तो समजतो. पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं, आणि मी भात संपवत राहिलो आणि तो वाढत राहिला. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यानं माझं पान स्वतःच्या हातानं मिटलं.

साहेबांचे मामा हणमंतराव मेन रोडच्या मागच्या एका गल्लीत राहायचे. पाटबंधारे खात्यात नकाशे काढून रिटायर झालेले. सडपातळ माणूस, कपाळाला गंध, पांढरी वेष्टी म्हणजे आपलं धोतर, पण लुंगीसारखं गुंडाळलेलं. ओट्यावर उभे राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत बघून ओरडले, "कमळा, कोल्हापूरचे आले गो. कापी ठेव."

कापी म्हणजे कॉफी. त्यांची मराठी ऐकायला मजा येत होती. जुन्या पत्रातली भाषा तमिळ चालीवर म्हटल्यासारखी. मी भराभर बोलायला लागलो तसा त्यांनी हात वर केला. "हळू, हळू. तुमची मराठी धांवते. आमची बसून बोलते."

मग डबे निघाले. मिठाईचे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणि प्रत्येकात जुन्या वेष्टीच्या तुकड्यात बांधलेले फोटो. गावातल्या वेण्णार क्लबच्या मॅचचे, त्यांच्या ऐन तरुणपणापासूनचे. मी सरळ विचारलं, मॅच सोडून माणसांचे कशाला?

उत्तर कमळाबाईंनी दिलं. म्हणाल्या, ह्यांना समोर पाहायची संवयच नाहीं. लग्नांत अंतरपाट काढिला तेव्हांही फोटोवाल्याकडेच पाहत होते, त्याचा कॅमेरा कोणता म्हणून.

खरी गोष्ट अशी होती. हणमंतराव पोरगेलेसे असताना इतरांसारखेच मॅचचे फोटो काढत. एकदा रोल बदलायला म्हणून ते मैदानाकडे पाठ करून बसले आणि तेवढ्यात क्लबनं गोल मारला. पुढच्या मॅचला पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी लोकांनीच त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं. तेव्हापासून वेण्णार क्लबची मॅच असली की हणमंतराव लोकांकडे तोंड करून उभे राहणार, असा नियमच पडला. त्यांनी मान वळवली तर शे-दोनशे माणसं एकदम ओरडायची. आपल्या क्लबचा एकही गोल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

"आणि खरंच पाहिलं असतं तर क्लब हरला असता?" मी विचारलं.

"ठावें नाहीं," ते म्हणाले. "पण हरला असता तर दोष माझ्या नांवावर आला असता."

त्यांनी एक फोटो माझ्यासमोर धरला आणि विचारलं, स्कोर काय असेल? मी म्हटलं, ह्यात बॉलसुद्धा नाही. त्यांनी लोकांच्या पायांवर बोट ठेवलं. मॅच सुरू झाली की सगळे वेष्टी गुडघ्यापर्यंत वर दुमडून बांधतात. क्लबवर गोल चढला की वेष्टी खाली सुटते. गोल फिटला की पुन्हा वर. ह्या फोटोत अर्ध्यांच्या वर, अर्ध्यांच्या खाली आणि काहींच्या नुसत्या चिमटीत धरलेल्या. म्हणजे गोल आत्ताच बसलाय, पण ऑफसाइडचं भांडण चालू आहे. मी पंधरा-वीस फोटो त्यांच्याशी पैज लावून वाचले आणि शेवटी मला जमायला लागलं. अलीकडच्या डब्यांतले मात्र वाचता येईनात. पोरं पॅंट घालायला लागली होती. आदल्या साली केबलवर अमेरिकेतला वर्ल्ड कप घरोघरी दिसला, आणि त्यानंतरच्या फोटोंत परदेशी संघांचे बनियन घातलेले चारजण आणि मागे पुष्कळ मोकळी भिंत.

मग मी फोटो गुंडाळून आणलेली माझी नळी उघडली. अभिमानानंच उघडली. त्या वारलेल्या माणसाचा, मुरुगेसनचा, मोठा एन्लार्ज त्यांच्या मांडीवर ठेवला.

आता इथे आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. घोळक्यातून एकाच माणसाचा चेहरा मोठा करायला आला की आम्ही समजतो, हा हार घालायचा फोटो. मग आमचा टचिंगवाला बापू काही न विचारता कामाला लागतो. विस्कटलेले केस बसवतो, कॉलर नीट करतो, डोळे मिटलेले असतील तर उघडतो. मुरुगेसन फोटोत तोंड फाडून ओरडत होता. बापूनं ते मिटवलं होतं, इतकं सुबक की मलाही सांगितल्याशिवाय कळलं नसतं. वर कपाळाला टिळा दिला होता.

हणमंतरावांनी फोटो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "हे कोण?"

मी म्हटलं, मुरुगेसन.

"नाहीं. हे कोणत्या तरी शाळेचे हेडमास्तर."

ते खूप चिडले, पण आवाज चढवून नाही. टिळ्याचं काही नव्हतं, तो पाण्याच्या रंगाचा होता, तिथेच ओल्या रुमालानं पुसला. पण पुसून तोंड उघडत नाही. त्यांचं म्हणणं, मुरुगेसन म्हणजे वेण्णार क्लबचा गळा होता. तिरुवैयारूहून बसच्या टपावर केळीची पानं टाकून यायचा, बाजारात विकायचा आणि रविवारी दुपारनंतर भिंतीवर चढायचा. त्याचा आवाज पलीकडच्या गोलकीपरला झोपेतही ऐकू यायचा. फोटोनं आयुष्य घटतं असं तो मानायचा, म्हणून लग्नातसुद्धा त्यानं फोटो काढू दिला नाही. मतदार ओळखपत्राचे फोटो काढायला सरकारी माणसं आली तर हा केळीच्या बागेत. हणमंतरावांनी त्याला टिपलं ते तो भान हरपलेला असताना, एकदाच. "माझ्या फोटोंत कोणाचें तोंड मिटलेलें नाहीं," ते म्हणाले. "तोंड मिटलें म्हणजे ती मॅचच नव्हे."

सुदैवानं बापू नेहमी दोन प्रती काढतो, एक टचिंगला आणि एक कच्ची, नमुना म्हणून समोर ठेवायला. कच्ची प्रत नळीत होती. ती बघून हणमंतरावांचा जीव भांड्यात पडला. हीच न्यायची, हेडमास्तर लॉजवर ठेवून या, असं ठरलं. त्या दिवशी कमळाबाईंनी पानावर पिठलं वाढलं, आमच्या पिठल्याहून पातळ, वरून कढीपत्ता. जेवताना विषय पुन्हा निघाला नाही.

दुसरा दिवस रविवार. चौकटवाल्यांकडे सकाळ घालवली. घ्यायच्या असतील तर दुकानात न घेता कारागिराच्या घरी जा, लाकूड हातात घेऊन वजन बघा. दुपारी मैदान. भिंतीवर माणसं होती, पण मोजकी. हणमंतराव आल्याबरोबर दोघातिघांनी "राव सार, तिरुंबुंगो," म्हणजे वळा वळा, असं पुकारलं आणि ते हसत मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी, पण मला तोंड फिरवायची सक्ती नव्हती. वेण्णार क्लबनं एक गोल मारला, साधाच, पायात पाय अडकून गेलेला. मी तो पाहिला आणि त्यांनी मला पाहिलं. कॅमेऱ्यातून.

मॅचनंतर चहाच्या टपरीवर जे झालं ते मला मॅचहून आवडलं. सगळे हणमंतरावांभोवती जमून त्यांना तो गोल सांगायला लागले. एक म्हणाला डाव्या पायानं, दुसरा म्हणाला डोक्यानं, तिसऱ्यानं टेबलावर ग्लास मांडून दाखवला. तमिळ मला येत नाही, पण खोटं कोणत्याही भाषेत ओळखू येतं. हणमंतराव प्रत्येकाचं गंभीरपणे ऐकत होते. नंतर मला हळूच विचारलं, खरा कसा होता? मी म्हटलं, तिसऱ्यानं सांगितला तो सर्वांत चांगला. ते खूश झाले.

तिसऱ्या दिवशी तिरुवैयारू. टाउन बस आहे, अर्ध्या-पाऊण तासात पोचवते, वाटेत एकामागून एक नद्यांचे पूल लागतात. उतरल्यावर तिथला मुगाच्या डाळीचा अशोका हलवा खा, गरम असतानाच. कोरड्या कागदात बांधून न्यायचा विचार करू नका, कागद तुपात विरघळतो. एक सांगायला हवं. हेडमास्तर लॉजवर राहिला नव्हता. गिऱ्हाइकाला नेहमी दोन वस्तू दाखवाव्यात, ही मी हातगाडीवर शिकलेली गोष्ट आहे. दोन्ही प्रती नळीत होत्या.

मुरुगेसनची बायको सेल्वी, पन्नाशीतली. कावेरीच्या बाजूच्या गल्लीत घर, पुढच्या पडवीत केळीच्या पानांच्या गुंडाळ्या. नवऱ्याचा धंदा आता ती आणि सून बघत होत्या. भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक खिळा मोकळा ठोकून ठेवला होता, खाली विभूतीची वाटी. वर्षश्राद्ध चार दिवसांवर. हणमंतरावांनी कच्ची प्रत दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

सेल्वी बघत राहिली. सून तोंडाला पदर लावून मागे सरली. मग दोघींचं तमिळमध्ये सुरू झालं. सून चिडलेली होती आणि 'वाय्, वाय्' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. अर्थ मी विचारला नाही, बोट फोटोतल्या तोंडाकडे होतं. हणमंतरावांनी मला हळू आवाजात सांगितलं, सून म्हणते, पाहुणे येतील, ब्राह्मण येतील, असला शिव्या देणारा फोटो भिंतीवर लावायचा का. पण सेल्वी सुनेला उत्तर देत नव्हती. ती फोटोकडे बघत होती, बसमध्ये समोर बसलेल्या अनोळखी माणसाकडे आपण बघतो तशी.

मी नळीतून दुसरी प्रत काढली. हणमंतरावांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कॅमेऱ्यामागे लपलो असतो तर बरं झालं असतं.

सेल्वीनं मिटल्या तोंडाचा फोटो हातात घेतला आणि तिचे डोळे भरले. ती बोलायला लागली, सावकाश. हणमंतराव एकेक वाक्य मराठीत सांगत गेले, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज उतरत गेला. ती म्हणत होती, हेच आमचे. हे घरात बोलतच नसत. भात हवा असेल तर ताट पुढे सरकवायचे. मुलगा झाला तेव्हा नुसतं दार धरून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी ह्यांच्यापेक्षा कोंबडीचा आवाज जास्त ऐकला असेन.

हणमंतरावांचा मुरुगेसन आणि तिचा मुरुगेसन समोरासमोर चटईवर पडले होते, आणि खोटा कोणता ते आमच्यातला कोणी सांगू शकत नव्हता. बापूनं कोल्हापुरात बसून, न पाहिलेल्या माणसाचं, तिच्या घरातलं तोंड बरोब्बर काढलं होतं.

मग सेल्वीनं कच्च्या प्रतीवर बोट ठेवून विचारलं, "राव सार, ह्यांत काय म्हणत आहेत?"

हणमंतरावांना आठवत होतं. लाइन्समननं चुकीचा झेंडा वर केला होता. मुरुगेसन त्याला ओरडून म्हणाला होता की झेंडा खाली कर, तुझ्या सासऱ्याची म्हैस त्याला बुजतेय. सेल्वी पोट धरून हसली. सुनेलाही हसू आवरेना. तो लाइन्समन तिरुवैयारूचाच, त्याच्या सासऱ्याची म्हैस गल्लीत सर्वांना ठाऊक होती.

"अजून काय काय म्हणायचे?" तिनं विचारलं. हणमंतराव ओट्यावर मांडी घालून बसले आणि सांगायला लागले. मी चौथा कप कॉफी प्यायलो. नक्कल करताना ते मुरुगेसनच्या आवाजात ओरडायचे आणि गल्लीतली माणसं दाराशी येऊन उभी राहायची.

निघताना तिनं मिटल्या तोंडाचा फोटो खिळ्याखाली टेकवून ठेवला, विभूतीची वाटी पुढे. दुसरा कुठे ठेवावा ते तिला कळेना. सून म्हणाली, ठेवायचाच असेल तर त्यालाही हार घाला, नाहीतर बरं दिसणार नाही. सेल्वीनं मान हलवली, आणि जे म्हणाली ते हणमंतरावांनी बसमध्ये बसल्यावर मला सांगितलं, खिडकीबाहेर बघत:

"हे तर आज भेटले. आज भेटलेल्या माणसाला हार कसा घालूं?"

तो फोटो तिनं पुढच्या पडवीत लावला, पानांच्या गुंडाळ्यांवर, रस्त्याकडे तोंड करून.

परतीच्या बसमध्ये पूल लागला तेव्हा हणमंतराव म्हणाले, इतकीं वर्षें मी लोकांना पाहत होतों, त्यांच्या घरची माणसें पाहायची राहिलीं. मी म्हटलं, एका माणसानं किती बाजूंना पाठ करायची. ते हसले, पण पटलं असं वाटलं नाही. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी मला एक डबा दिला, छापून पाठवण्यासाठी. टचिंग करूं नका, म्हणाले. पण सेल्वीसारखें कोणी आलें तर कच्ची आणि पक्की, दोन्ही काढा.

कोल्हापूरला येऊन आता कितीतरी वर्षं झाली. लॅबचं मशीन दोनदा बदललं, मग फोटो फोनमध्ये गेले. तंजावूरच्या चौकटी चांगल्या खपल्या, त्या प्रवासात तोटा झाला नाही. पण धंद्यात एक बदल मी परत आल्याबरोबर केला. हार घालायचा फोटो आला की बापूनं ब्रश उचलायच्या आधी घरच्यांना एक प्रश्न विचारायचा: घरात कसे होते? बोलके, की गप्प? बापू कुरकुरला, ह्यात वेळ जातो म्हणून. जातोच. लोक काउंटरला टेकून सांगत राहतात, मागे रांग लागते.

आणि कधीकधी कोणी काहीच सांगत नाही. मध्यंतरी एक पोरगा वडिलांचा फोटो घेऊन आला होता. गणपतीच्या मिरवणुकीत नाचताना कोणी तरी काढलेला, दोन्ही हात वर, शर्टाची बटणं उघडी. मी विचारलं, घरात कसे होते? तो उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग फोटो परत पाकिटात घातला आणि म्हणाला, "आईला विचारून येतो."